मागणारा कुठं आहे?

कोणी हेडफोन लावून एसटीत बसलंय, कोणी मोटर चालू करून बांधावर बसलंय, कोणी नांदेडच्या, लातूरच्या हॉस्टेलात पडल्या पडल्या ऐकतंय. मी किनवटची. वकिली करते. आजचा विषय जरा जड आहे, पण तुमच्या हातातल्या फोनशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आधी एक गोष्ट सांगते. माझ्यासोबत दहावीला एक पोरगा होता. त्याचं नाव, गाव सांगणार नाही. आपण त्याला दोस्त म्हणू. अभ्यासात बरा, हाताचा एकदम कुशल. बारावीनंतर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागला. घरी थोडी कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीन. बहिणीच्या लग्नाचं कर्ज, वर त्यानं हप्त्यावर घेतलेली गाडी. आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वद घरांची हीच गोष्ट असते.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात त्याला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. दुकानात एकदा येऊन गेलेल्या माणसाचा. "भाऊ, तुमच्याकडं तिकडून माल येतो म्हणतात. मिळेल का?" माल म्हणजे गांजा. तिकडून म्हणजे तेलंगणाच्या बाजूनं. किनवट म्हणलं की बाहेरच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, जंगल आणि बॉर्डर. दोस्तानं उत्तर दिलं, "मी त्यातला नाही." आठ दिवसांनी परत मेसेज. परत नाही. मग फोन आला. "तुला काही करायचं नाही, फक्त आणून द्यायचं. दहा हजार तुझे." तिसऱ्यांदाही तो नाही म्हणाला. चौथ्यांदा फोन आला तेव्हा गाडीचे तीन हप्ते थकले होते आणि फायनान्सवाले घरी येऊन गेले होते. या वेळी तो म्हणाला, "बघतो."

त्या माणसानं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती. "चॅट डिलीट कर, दोघांचंही बरं." आणि यानं ते केलं. हे लक्षात ठेवा, पुढं त्यावर येणार आहे.

एका धाब्याजवळ भेट ठरली. हा गाडीवर पोतं बांधून गेला. तो माणूस आला, पोत्यात डोकावला, डोक्यावरची टोपी काढली. टोपी काढणं हीच खूण होती. मागून जीप आली. पाच मिनिटांत दोस्त खाली बसलेला, हात मागं, आणि पंचनामा सुरू. टोपीवाला आपल्या गाडीवरून निघून गेला. पंचनाम्यात त्याचा एका शब्दानंही उल्लेख नाही. तिथं फक्त एवढंच की गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली, सापळा लावला, आरोपी मिळून आला. वजन सहा किलोच्या वर.

आता प्रामाणिकपणानं सांगते. ही सगळी दोस्ताची बाजू आहे. मी त्या धाब्यावर नव्हते. मेसेज मी पाहिलेले नाहीत, कारण ते उरलेच नाहीत. आणि पोतं त्याच्याच गाडीवर होतं, हे तो स्वतःही नाकारत नाही.

सत्र न्यायालयात त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या रात्री त्याच्या वडिलांचा मला फोन आला. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. रडले वगैरे नाहीत. शांतपणे म्हणाले, "माय, मला कायद्यातलं काही कळत नाही. मागितलं त्यानं, दिलं यानं. देणारा जेलात गेला. मागणारा कुठं आहे?"

माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. आजचा हा भाग म्हणजे ते उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

सुरुवात कायद्यापासून करू. एनडीपीएस कायदा १९८५ चा. या कायद्यात शिक्षा ठरते ती वजनावर. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण, तिथं कमीत कमी दहा वर्षं आणि जास्तीत जास्त वीस, वर एक ते दोन लाख दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. चरसची रेषा शंभर ग्रॅम आणि एक किलो. हेरॉईनची पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. शहरातली पोरं ज्याला एमडी म्हणतात त्या मेफेड्रोनची दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे काय हो, मुठीत मावणारी पुडी. तिच्यावर दहा वर्षं.

दुसरी गोष्ट. आपल्याकडं साधा नियम असतो की गुन्हा सरकारनं सिद्ध करायचा. या कायद्यात सरकारनं आधी ताबा सिद्ध केला की न्यायालय धरून चालतं की तुला माहीत होतं, तुझा हेतू होता. नव्हता हे तू दाखव. नूर आगा नावाच्या अफगाण नागरिकाच्या अपिलात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद वैध ठरवली, पण सोबत सांगितलं की शिक्षा इतकी कडक असेल तर सरकारचा पायाही तितकाच पक्का पाहिजे. त्या खटल्यात पाया कच्चा निघाला आणि तो सुटला.

आता काकांच्या प्रश्नाकडं येते. पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवणं चालतं का? आपल्या भागातल्या बातम्यांत त्याला बनावट ग्राहक म्हणतात, मुंबईकडं पंटर म्हणतात. उत्तर आहे, हो, चालतं. लाचलुचपतवाले रोज हेच करतात. पावडर लावलेल्या नोटा देऊन माणूस पाठवतात आणि साहेबाला पकडतात, आपण टाळ्या वाजवतो. अमली पदार्थांचा धंदा तर लपूनच चालतो, तक्रार करायला कोणी येत नाही. घेणारा खूश, देणारा खूश. मग आत शिरल्याशिवाय तो पकडणार कसा? पोलिसांची ही अडचण खरी आहे. ती मी हसण्यावारी नेणार नाही. एमडीनं घरं कशी बसतात ते मी पण पाहिलंय.

प्रश्न वेगळा आहे. चालू असलेला गुन्हा पकडणं एक, आणि नसलेला गुन्हा माणसाच्या मागं लागून घडवून आणणं दुसरं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हा फरक फार जुन्या काळात पाहिलाय. १९५४ सालचा राव शिव बहादूर सिंह यांचा खटला. विंध्य प्रदेशचे मंत्री, पन्नाच्या हिऱ्याच्या खाणीचं प्रकरण, पंचवीस हजारांची लाच. सापळ्यातली रक्कम पोलिसांनीच पुरवली होती. न्यायालयानं शिक्षा कायम ठेवली, पण पोलिसांनाही सुनावलं की तुमचं काम गुन्हा रोखायचं, गुन्ह्याला सामान पुरवायचं नव्हे. दोन वर्षांनी रामजनम सिंह यांच्या खटल्यात परत तसंच. मोहात पाडून माणसाची परीक्षा घेणं योग्य नाही, असं न्यायालय म्हणालं. २०१४ साली रजत प्रसाद खटल्यात स्टिंग ऑपरेशनचा प्रश्न आला, तेव्हाही न्यायालयानं स्टिंगला सरसकट मान्यता दिली नाही.

ऐकायला छान वाटतं ना? पण नीट बघा. नाराजी आहे, ताशेरे आहेत. "मला फूस लावली म्हणून मला सोडा" असा पक्का, लिहिलेला बचाव आपल्या कायद्यात नाही. दोस्ताच्या वकिलानं खालच्या कोर्टात हाच मुद्दा जोरात मांडला होता. तो हवेत विरला.

बाहेर काय होतं? अमेरिकेतला शेरमन नावाच्या माणसाचा खटला आहे, निकाल १९५८ चा. हा माणूस नशा सोडायला डॉक्टरकडं जायचा. तिथं त्याला दुसरा एक पेशंट भेटला. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. तो दुसरा म्हणायचा, मला उपचार लागू पडत नाहीत, फार त्रास होतो, कुठून तरी मिळवून दे. शेरमननं टाळलं. परत विनवणी. परत टाळलं. शेवटी दया येऊन आणून दिलं. तो दुसरा पेशंट सरकारी खबरी होता. शेरमनला दहा वर्षं लागली. सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. शेरमनवर आधीचे दोन अमली पदार्थांचे गुन्हे होते, तरीही. कारण या वेळचा गुन्हा सरकारच्या माणसानं त्याच्याकडून करून घेतला होता.

इंग्लंडचं उदाहरण तर अजून भारी. २००१ साली तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर एकाच वेळी दोन प्रकरणं होती. पहिल्यात साध्या वेशातल्या पोलिसानं एका नंबरवर फोन केला, माल मिळेल का विचारलं, समोरचा लगेच तयार. त्याचं नाव लूझली. त्याचं अपील फेटाळलं. दुसऱ्यात साध्या वेशातले पोलिस एकाला स्वस्तात सिगारेटी देत राहिले, मैत्री केली आणि मग त्याच्याकडं हेरॉईन मागू लागले. तो सांगत होता की मी हेरॉईनच्या भानगडीत नाही. त्यांनी पिच्छा सोडला नाही. तिथं लॉर्ड्स म्हणाले, हा गुन्हा पोलिसांनी तयार केला, हा खटला चालवायलाच नको होता. कसोटी साधी आहे. कोणताही गिऱ्हाईक करील तेवढंच पोलिसानं केलं का, की त्याच्या पुढं गेला?

आता दोस्ताला या कसोटीवर ठेवा. तीन वेळा नाही. चौथ्यांदा दहा हजार आणि थकलेले हप्ते. तो कुठल्या बाजूला बसतो? मला वाटतं दुसऱ्या. पण ते "नाही" दाखवायचं कशावरून? चॅट डिलीट.

इथं तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. चॅट कोर्टात चालते का, तर चालते, पण नियमानं. आणि तो नियम पक्का झाला आपल्या मराठवाड्यातल्या केसमधून. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचं भांडण. उमेदवारी अर्ज वेळेत भरले का, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात हजर करत नसाल आणि नक्कल दाखवणार असाल, तर सोबत प्रमाणपत्र लागतंच. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, आता नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ आहे. म्हणजे नुसता स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही. आणि मूळ फोनमधून स्वतःच पुसून टाकलं असेल तर वकील काय दाखवणार?

बरं, मग आपल्याकडं अपिलात माणसं सुटतात ती कशावर? मी निकाल वाचत बसले तेव्हा कळलं. फसवलं या मुद्द्यावर फार थोडे. कागदावर मात्र बरेच. पंचनामा, वजन, सील, नमुना.

आपल्या शेजारच्या गोव्याची दोन प्रकरणं सांगते. पहिलं १९९३ चं. किर्चर नावाचा जर्मन नागरिक. त्याच्याकडं चरसचे दोन तुकडे मिळाले, दोन्ही मिळून साधारण बारा ग्रॅम. पोलिसांनी तपासणीला पाठवला एकच तुकडा, पाच ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा. त्या काळी चरससाठी अल्प प्रमाणाची मर्यादा पाच ग्रॅम होती. खाली दहा वर्षं लागली होती, उच्च न्यायालयानं कायम केली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जो तुकडा तपासला तेवढाच चरस म्हणून सिद्ध झाला. दुसरा काय होता हे कोणी पाहिलंच नाही. दहा वर्षांची शिक्षा सहा महिन्यांवर आली.

दुसरं राजेश जगदंबा अवस्थी यांचं, २००५ च्या निकालसंग्रहात आहे. बुटात चरस सापडला अशी केस. पंचनाम्यात एका पाकिटाचं वजन १०० ग्रॅम, दुसऱ्याचं ११५. प्रयोगशाळेत पहिलं भरलं ९८.१६ आणि दुसरं ८२.५४. उच्च न्यायालयाला हा फरक मोठा वाटला नाही. सर्वोच्च न्यायालयाला वाटला. एक-दोन ग्रॅम समजू शकतो, पण बत्तीस ग्रॅम गेले कुठं? वर सील आणि पाकिटं नीट सांभाळली होती याबद्दलही शंका. तो निर्दोष सुटला.

तुम्ही म्हणाल, ही तर पळवाट झाली. सापडला तो सापडला, वजनाचं काय घेऊन बसलात? मी पण आधी तसंच म्हणायचे. पण विचार करा. ज्या कायद्यात वजनावर शिक्षा ठरते, ताबा दिसला की हेतू धरला जातो, तिथं आरोपीकडं दुसरं काय उरतं? पाकिटात तीच वस्तू आहे का, तेवढीच आहे का, मध्ये कोणी उघडलं का, एवढंच विचारता येतं. या प्रक्रियेत पोलिसही सुरक्षित राहतो, उद्या कोणी त्याच्यावर माल टाकल्याचा आरोप केला तर त्याच्या हातात कागद असतो.

अशा आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. कलम ५०. तुमची अंगझडती घ्यायची असेल तर आधी सांगावं लागतं की जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागायचा तुम्हाला हक्क आहे. १९९९ चा बलदेव सिंग आणि २०१० चा विजयसिंह जाडेजा, दोन्ही पाच न्यायमूर्तींचे निकाल, त्यांनी हे पक्कं केलं. पण हा हक्क अंगाच्या झडतीपुरता. पिशवी, पोतं, गाडीची डिकी याला तो लागू नाही, हे न्यायालयानं २००५ ला सांगितलं आणि २०२३ ला परत सांगितलं. दोस्ताचा माल पोत्यात. म्हणजे हा दरवाजा बंद.

कबुलीजबाब. २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर एनडीपीएसच्या तपास अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पोलिसांसमोरची तर आधीपासूनच चालत नव्हती. म्हणून "सही कर, लवकर सुटशील" असं कोणी म्हणलं तर वाचल्याशिवाय, वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका.

नमुने. कलम ५२-अ प्रमाणे जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित व्हायला पाहिजेत, असं २०१६ च्या मोहनलाल निकालात आलं. दोस्ताच्या केसमध्ये नमुने रस्त्यावरच काढले. मी खूश झाले होते. पण २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं भारत आंबाळे प्रकरणात स्पष्ट केलं की तेवढ्या एका चुकीवर आरोपी आपोआप सुटत नाही. बाकीच्या पुराव्यावरही शंका यायला पाहिजे. म्हणजे दरवाजा अर्धा उघडा.

आणि गांजा म्हणजे नक्की काय? कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे, फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत. तुरीच्या, कपाशीच्या ओळीत सापडलेली झाडं उपटून, मातीसकट, मुळांसकट काट्यावर ठेवली की वजन किती वाढतं, हे शेतकऱ्याच्या पोरांना मी सांगायला नको. दोस्ताच्या पोत्यात पाला, काड्या, बिया सगळं एकत्र होतं, आणि वेगळं करून कोणी मोजलं नाही. हा आमच्या अपिलातला एक मुद्दा आहे.

आता मुख्य मुद्दा. टोपीवाला. कायदा बातमीदाराचं नाव सांगायला पोलिसाला भाग पाडत नाही. एनडीपीएसचं कलम ६८ तेच सांगतं. ते योग्यही आहे, नाहीतर उद्या कोणी खबर देणार नाही, दिली तर जिवंत राहणार नाही. पण बातमी देणारा वेगळा आणि सौद्यात उतरणारा वेगळा. अमेरिकेतला रोव्हियारोचा खटला, १९५७. खबऱ्या स्वतः गाडी चालवत होता, आरोपी शेजारी, आणि गाडीच्या डिकीत एक पोलिस लपून ऐकत होता. आरोपीनं झाडाजवळून पुडकं उचलून गाडीत ठेवलं. सरकार म्हणालं, खबऱ्याचं नाव सांगणार नाही. तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जो माणूस सौद्यातला दुसरा भिडू आहे, तो काय बोलला हे आरोपीला विचारता आलं पाहिजे. शिक्षा रद्द.

हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्या पुरावा कायद्यातही एक तत्त्व आहे. महत्त्वाचा साक्षीदार हातात असून तो हजर केला नाही, तर तो आला असता तर तुमच्या विरोधात बोलला असता असं न्यायालय धरू शकतं. धरलंच पाहिजे असं नाही, धरू शकतं. सिनियर वकिलांनी अपील तयार केलं, त्यात मी हा मुद्दा घालायला लावला. काकांचाच प्रश्न तो, फक्त कोर्टाच्या भाषेत लिहिलेला.

अपील म्हणजे काय, हेही थोडं सांगते, कारण पुष्कळ घरांना निकालाच्या दिवशी वाटतं की सगळं संपलं. सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करायला साठ दिवस असतात. नांदेड, लातूरचं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं. तिथं नवे साक्षीदार येत नाहीत सहसा, पण उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्यानं तपासू शकतं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा नंदीग्राम एक्सप्रेसनं संभाजीनगर गाठलं ते याच कामासाठी, डब्यात भाकरी बांधून.

अपील चालेपर्यंत शिक्षा थांबते का? एनडीपीएसमध्ये कलम ३२-अ होतं, की शिक्षा स्थगित करताच येणार नाही. म्हणजे अपील दहा वर्षं पडून राहिलं तर तू दहा वर्षं आत, आणि मग निर्दोष सुटलास तरी ती वर्षं गेली. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं हे मोडलं. केस आपल्या महाराष्ट्रातलीच, दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य. न्यायालय म्हणालं, शिक्षा स्थगित करायचा न्यायालयाचा अधिकार असा काढून घेता येणार नाही. त्याच आधारावर, वजन व्यावसायिक प्रमाणाच्या खाली असल्यामुळं, दोस्ताची शिक्षा स्थगित झाली. तोवर त्याची अडीच वर्षं आत गेली होती. आला तेव्हा बहिणीचं पोरगं चालायला लागलं होतं.

पैसे नव्हते मग वकील कसा? हे नीट ऐका. विधी सेवा कायद्याप्रमाणं महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस, यांना मोफत वकील मिळतो. उत्पन्न बघितलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. फोन नंबर १५१००. आपल्याकडं गोंड, कोलाम, आंध, बंजारा वस्त्यांवर हे पोचलेलंच नाही. लोक आधी शेत गहाण टाकतात, मग विचारतात.

आता तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलते. तुम्हाला असा मेसेज आला, इन्स्टावर, टेलिग्रामवर, कुठंही, तर तो पोलिस आहे का खरा गिऱ्हाईक, हे ओळखायच्या नादाला लागू नका. दोन्हीकडं शेवट वाईटच आहे. एकदा नाही म्हणा, आणि पुढं बोलणं चालू ठेवू नका. दोस्ताचं चुकलं ते इथं. तो नाही म्हणत गेला पण फोन उचलत गेला. कोणी मागंच लागला असेल तर मेसेज पुसू नका, घरात मोठ्या माणसाला सांगा, वकिलाला दाखवा. अमली पदार्थांची माहिती द्यायला १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. आणि कोणी मुद्दाम खोटी माहिती देऊन तुम्हाला अडकवलं, तर त्यालाही याच कायद्याच्या कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे पण माहीत असू द्या.

आणि दोस्त निर्दोष आहे का? मला विचारलं तर, त्यानं पोतं आणलं. दहा हजारांसाठी आणलं. ते पोतं कुठल्या तरी पोराच्या हातात गेलं असतं. हे तो मला स्वतः म्हणाला, सुटून आल्यावर, मी न विचारता. पण त्या उन्हाळ्यात त्याच्या फोनवर कोणी चार वेळा मागितलं नसतं, तर तो आजही दुकानात स्क्रीन बदलत बसला असता, याबद्दलही मला शंका नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. न्यायालयानं दोन्ही बघाव्यात, एवढंच आमचं मागणं आहे.

काकांनी आता नातवाकडून ई-कोर्टचं ॲप शिकून घेतलंय. रोज सकाळी चहा झाला की केस नंबर टाकतात. इंग्रजी त्यांना येत नाही, पण पेंडिंग हा शब्द आता ते लांबूनही ओळखतात. मागच्या आठवड्यात फोन केला होता. मी म्हणलं, "काका, बोर्डावर आलं की मी सांगते ना तुम्हाला." ते म्हणाले, "तू सांगशील गं माय. पण त्या दिवशी तरी जज साहेब विचारतील का, तो टोपीवाला कोण होता म्हणून?"

मी म्हणलं, आम्ही लिहून दिलंय काका. विचारायला पाहिजे.

अपिलाचा निकाल लागला की, जो लागेल तो, मी परत येऊन तुम्हाला सांगीन. तोवर हा भाग एखाद्या अशा मित्राला पाठवा ज्याचे हप्ते थकलेत. त्याला जास्त गरज आहे.